लाच आणि न्याय : पवित्र शास्त्राची शिकवण

लाच घेऊ नये, ही गोष्ट कोणास नव्याने शिकवावी लागते असे नाही. लाच घेणारासही ती ठाऊक असते; म्हणूनच तो पैसे मेजावरून न घेता मेजाखालून घेतो. तेव्हा पवित्र शास्त्र ह्या बाबतीत केवळ निषेध करून थांबले असते, तर हा लेख चार ओळींत आटोपला असता. परंतु शास्त्र निषेधाबरोबर कारणही देते, आणि ते कारण आमच्या मते फार विचार करण्याजोगे आहे. आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. ज्यांच्या घरी हे शास्त्र वाचले जात नाही, त्यांसही हा विचार कळावा व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींनीही तो वाचावा, अशा हेतूने आम्ही हे लिहीत आहो.

इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटून सीनाय पर्वताजवळ आले, तेव्हा मोशेच्या द्वारे त्यांस नियमशास्त्र मिळाले. त्यातील निर्गम नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात न्यायनिवाड्याचे काही नियम आहेत. खोटी अफवा उठवू नये. पुष्कळ लोक एका बाजूस गेले म्हणून आपणही अन्यायाच्या बाजूस जाऊ नये. शत्रूचा बैल चुकलेला आढळला तर तो त्याचा त्यास पोहोचवावा. आणि लाच घेऊ नये. ह्या शेवटच्या नियमाचे कारण असे दिले आहे की, लाचेमुळे डोळस माणूस आंधळा होतो व नीतिमानाच्या म्हणण्यास वाकडे वळण लागते. हाच नियम अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात पुन्हा आला आहे, आणि तेथे डोळस माणसाच्या जागी शहाण्या माणसाचा उल्लेख आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. लाचेने दुष्ट मनुष्य अधिक दुष्ट होतो, असे शास्त्र म्हणत नाही. ज्यास चांगले दिसते, ज्यास खरेखोटे पारखता येते, त्याचीच दृष्टी जाते असे ते म्हणते. आंधळेपणाचा विशेष हा की, जे दिसत नाही ते आपणास दिसत नाही हेही पुष्कळदा कळत नाही. लाच घेतलेला न्यायाधीश मनात म्हणत नाही की, मी आज खोटा निकाल देणार. त्यास खरोखरच एका पक्षाचे म्हणणे सरस वाटू लागते.

ह्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, ते आमच्या विद्यार्थ्यांस नेहमी चकित करिते. गरिबाच्या वादात न्याय बिघडवू नये, हे तर आहेच. पण गरिबाचा वाद आहे म्हणून त्याचा पक्षपातही करू नये, असेही तेथे सांगितले आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तेच पुन्हा आहे. जे शास्त्र विधवा, पोरके व परदेशी ह्यांचा कैवार पानोपानी घेते, त्यानेच हे लिहावे ह्यात मोठे मर्म आहे. गरिबास दान द्यावयाचे ते आपल्या पदरचे द्यावे. दुसऱ्याच्या न्यायातून कापून देऊ नये. लाच ही पैशाचीच असते असे नाही. दयेचीही असू शकते.

हा न्याय होत असे तो गावाच्या वेशीत. त्या काळी नगरास तट असे आणि तटाच्या दरवाजाशी वडील मंडळी बसत. इस्राएलच्या उत्तरेस दान नावाच्या प्राचीन नगराचे उत्खनन झाले आहे, तेथे वेशीजवळ दगडी बैठक सापडली आहे. रूथच्या पुस्तकात बवाज शेताचा व्यवहार ठरविण्यास वेशीत जाऊन बसतो व दहा वडिलांस बोलावून घेतो. आपल्याकडे चावडीवर किंवा पारावर जे चाले, तेच हे. त्यात सोय अशी होती की, सर्व काही चारचौघांदेखत होई. आणि गैरसोय अशी की, न्याय देणारा व न्याय मागणारा एकाच गावचे, एकाच विहिरीचे पाणी पिणारे, एकमेकांच्या लग्नकार्यात जेवलेले. अशा ठिकाणी लाच ही पैशाच्या थैलीतून कमी आणि भाजीच्या टोपलीतून जास्त येते.

टोपलीवरून एक गोष्ट आठवली. ती पवित्र शास्त्रातील नव्हे. पुढील काळी यहुदी पंडितांनी नियमशास्त्रावर जी दीर्घ चर्चा केली, तिच्या तालमूद नावाच्या संग्रहातील आहे. त्या पंडितांपुढे प्रश्न असा होता की, लाच घेऊनही एखाद्याने खराच निकाल दिला, निर्दोष्यास सोडले व अपराध्यास दोषी ठरविले, तर त्यात बिघडले काय? त्यांनी उत्तर दिले की, खोटा निकाल देऊ नये हे तर शास्त्राने अन्यत्र सांगितलेच आहे. मग लाचेचा वेगळा निषेध केला तो खरा निकाल देणारासाठीच केला असला पाहिजे. ह्या युक्तिवादास आम्हांस तरी उत्तर सुचत नाही.

गोष्ट अशी. इश्माएल बेन योसे नावाचे एक गुरू होते. त्यांची बाग वाट्याने करणारा कुळवाडी दर शुक्रवारी त्यांच्याच बागेतील फळांची टोपली त्यांस आणून देई. एकदा त्याने ती गुरुवारी आणली. आज एक दिवस आधी का, असे विचारिता तो म्हणाला की, माझा एक दावा आपल्यापुढे चालावयाचा आहे, तेव्हा येताच आहे तर टोपलीही आणावी असे वाटले. गुरूंनी टोपली घेतली नाही, आणि तुझा न्याय मला करिता येणार नाही असे सांगून दुसरे दोन पंडित नेमून दिले. ते पंडित दावा ऐकत असता गुरू जवळपास येरझारा घालीत होते, आणि त्यांच्या मनात सारखे येत होते की, ह्या माणसाने अमुक मुद्दा मांडावा, तमुक सांगावे, म्हणजे तो जिंकेल. मग ते आपल्याशीच चपापले. टोपली आपण घेतली नाही; घेतली असती तरी ती आपल्याच मालकीच्या फळांची होती; आणि तरीही आपले मन त्याच्याकडे इतके ओढले गेले! तर जे खरोखर घेतात त्यांचे काय होत असेल, असे म्हणून त्यांनी लाच घेणारांचा धिक्कार केला.

आमच्या वाचनात लाचेवरील पुष्कळ उपदेश आले आहेत, परंतु ह्या न घेतलेल्या टोपलीइतके बोलके दुसरे काही आलेले नाही.

ह्याच्या उलट उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. फ्रान्सिस बेकन हा आपल्या काळचा अत्यंत बुद्धिमान पुरुष. त्याचे निबंध पूर्वी आपल्याकडे कॉलेजात नेमलेले असत, आणि अधिकाऱ्याने स्वतःचे व नोकरांचेही हात लाचेपासून कसे आवरावे हे त्यातील एका निबंधात त्याने लिहिले आहे. तो देशाचा लॉर्ड चान्सेलर, म्हणजे अतिशय श्रेष्ठ दर्जाचा न्यायाधिकारी, झाला. आणि १६२१ साली पार्लमेंटात त्याजवर लाच घेतल्याचे आरोप येऊन त्याने ते कबूल केले. त्यास ४०,००० पौंड दंड झाला, काही दिवस टॉवरच्या तुरुंगात राहावे लागले, व पुढे कोणताही सरकारी अधिकार धारण करण्यास तो अपात्र ठरला. मौज अशी की, ज्या दोघांच्या तक्रारीवरून हे प्रकरण उघडकीस आले, त्यांनी पैसे देऊनही त्यांस हवा तसा निकाल मिळाला नव्हता. ह्याच गोष्टीवरून काही लोक बेकनची बाजू घेतात की, पैसे घेतले तरी त्याने न्याय विकला नाही. तालमूदातील पंडितांनी ह्यास काय उत्तर दिले असते हे वर आलेच आहे.

आता थोडे आम्हां शिक्षकांविषयी लिहिले पाहिजे, कारण लाल पेन्सिल हाती घेतली की शिक्षकही वेशीत बसलेला न्यायाधीशच होतो. वर्षभर ज्या घरून कधी चिठ्ठीही येत नाही, त्या घरून निकालाच्या आधीच्या आठवड्यात पेढ्यांचा पुडा येतो. पाठविणाराच्या मनात वाईट असतेच असे नाही. पुष्कळदा ती निव्वळ भीती असते. आम्ही असे पुडे परत पाठवितो, तेव्हा घरच्या माणसांस राग येतो, हेही आम्हांस ठाऊक आहे. निकालानंतर तोच पुडा आला तर आम्ही आनंदाने घेऊ आणि वर्गात वाटू. पेढे तेच, दिवस तेवढा वेगळा. इश्माएल गुरूंच्या टोपलीतही शुक्रवार आणि गुरुवार एवढेच अंतर होते.

पालकांनी शमुवेलाची कथा मुद्दाम वाचावी, अशी आमची विनंती आहे. शमुवेल हा इस्राएलचा न्यायाधीश व संदेष्टा. लहानपणी तो एली याजकाच्या हाताखाली वाढला. एलीचे पुत्र हफनी व फीनहास लोकांनी आणिलेल्या यज्ञबलीतील मांस दांडगाईने उचलून घेत, आणि एलीने त्यांस आवरिले नाही म्हणून त्या घराण्याचा नाश होईल, हा संदेश परमेश्वराने ह्या बाळ शमुवेलाच्याच मुखाने कळविला. इतके डोळ्यांपुढे झालेले असता शमुवेल स्वतः वृद्ध झाला तेव्हा काय घडले? त्याने आपले पुत्र योएल व अबीया ह्यांस दक्षिणेकडे बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमिले, आणि ते लोभास वश होऊन लाच घेऊ लागले. बापाच्या हातास डाग नाही, आणि मुलांचे हात बरबटलेले.

परिणाम केवळ दोन मुलांपुरता राहिला नाही. लोकांचे वडील एकत्र जमून शमुवेलाकडे गेले व म्हणाले की, तुझे पुत्र तुझ्या मार्गाने चालत नाहीत, तेव्हा आम्हांस इतर राष्ट्रांसारखा राजा दे. राज्यपद्धतीच बदलली! शमुवेलाने त्यांस बजाविले की, राजा तुमचे पुत्र घेईल, कन्या घेईल, उत्तम शेते व द्राक्षमळे घेईल, पिकाचा दशमांश घेईल. लहान घेणारास कंटाळून लोक मोठा घेणारा मागत आहेत, हे त्यास दिसत होते. पण त्याचे कोणी ऐकिले नाही, आणि ऐकावे तरी कोणत्या तोंडाने सांगावे?

नंतर शौल राजा झाल्यावर वृद्ध शमुवेल सर्व लोकांपुढे उभा राहतो. मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेऊन डोळे झाकले, ते माझ्यासमोर सांगा, मी परत करितो, असे तो म्हणतो. लोक एकमुखाने साक्ष देतात की, त्याने काहीच घेतले नाही. परंतु त्या भाषणाच्या आरंभी, आपले केस पिकले असे सांगताना, आपले पुत्र तुमच्यात आहेत एवढेच तो बोलतो आणि पुढे जातो. त्यांजविषयी त्यास अधिक एक शब्दही बोलवत नाही. आमच्या मते सबंध जुन्या करारात ह्याहून दुःखी अर्धे वाक्य क्वचितच असेल. निर्मळ हात वारशाने मिळत नाहीत, हे शमुवेलास जितके कळले तितके कोणास कळले असेल?

पुढे राजे आले आणि शमुवेल म्हणाला होता तसेच झाले. इज्रेलात नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजास हवा होता. तो मिळविण्यासाठी ईजबेल राणीने दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथास नियमाप्रमाणे न्याय झाल्याचे सोंग करून धोंडमार केला. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तो उत्तरेच्या राज्यात जाऊन म्हणाला की, येथे वेशीत लाच घेऊन गरिबास हुसकून लाविले जाते, एका जोडा पायताणांसाठी दरिद्री विकला जातो. बेथेलच्या याजकाने त्यास आपल्या देशी जाऊन पोट भरण्यास सांगितले. मीखाने तर कोणासच सोडिले नाही. त्याचा आरोप असा की, पुढारी लाच घेऊन न्याय करितात, याजक मोल घेऊन शिकवितात, संदेष्टे पैसे घेऊन भविष्य सांगतात, आणि तरीही परमेश्वर आमच्यात आहे असे सर्व म्हणतात. धर्माच्या नोकरीत असणारांनी हा अध्याय दरसाल एकदा वाचावा. आम्हीही त्यांतलेच.

येथवर वाचून कोणास वाटेल की, शास्त्र भोळे आहे, त्यास जगाचा व्यवहार ठाऊक नाही. तसे नाही. नीतिसूत्रांचे पुस्तक स्पष्ट म्हणते की, देणगीने मनुष्यास वाट मिळते व ती त्यास मोठ्या लोकांपुढे नेते. गुप्तपणे दिलेल्या भेटीने राग शांत होतो. लाच ही ती देणारास जादूच्या मण्यासारखी वाटते, जिकडे वळावे तिकडे काम होते. म्हणजे लाच चालत नाही असा खोटा दिलासा शास्त्र देत नाही. ती चालते, म्हणूनच तिचे भय. प्रभू येशूच्या मरणाच्या व पुनरुत्थानाच्या कथेत दोन वेळा पैसा हात बदलतो, एकदा यहूदाच्या हाती व दुसऱ्यांदा कबरेवरील पहारेकऱ्यांच्या हाती, आणि दोन्ही वेळा देणाराचे काम तेवढ्यापुरते होतेच.

भाषेतही हाच व्यवहार दिसतो. इब्री भाषेत लाचेस जो शब्द आहे, तोच आसा राजाने दिमिष्काच्या राजास पाठविलेल्या सोन्यारुप्याच्या भेटीसही वापरला आहे. आपल्या मराठीत तर लाच हा शब्द देताघेताना कोणीच उच्चारीत नाही. पूर्वी नजराणा होता; आता चहापाणी आहे, चिरीमिरी आहे, मुलांच्या खाऊसाठी आहे. ज्या वस्तूस इतकी गोड नावे द्यावी लागतात, ती मुळात कडू असली पाहिजे.

पवित्र शास्त्राच्या तासास एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारिले की, गुरुजी, लाच घेणारा मोठा पापी की देणारा? प्रश्न चांगला आहे. नियमशास्त्र पाहिले तर त्याचे बोट जवळजवळ सर्वत्र घेणाराकडे आहे, कारण सत्ता त्याच्या हाती असते. मोशेचा सासरा इथ्रो ह्याने न्यायाधीश निवडण्याविषयी सल्ला दिला, त्यातही अन्यायाच्या लाभाचा तिटकारा असणारी माणसे नेमावी असे सांगितले. येशूने सांगितलेल्या दाखल्यात एका बेपर्वा न्यायाधीशाकडे एक विधवा पुनःपुन्हा जाते. तिच्यापाशी देण्यास काहीच नाही, आहे ती केवळ चिकाटी. शास्त्राचा डोळा अशा बाईवर आहे. कारण जो पैसे देऊन आपले काम पुढे सरकवितो, तो कोणाला तरी मागे सारतो, आणि मागे सारला जाणारा बहुधा तीच विधवा असते. म्हणून देणाराही सुटत नाही.

आपल्या देशातील कायदाही आता ह्याच ठिकाणी आला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन लाच देणे हा स्वतंत्र अपराध ठरला. मात्र ज्यास जबरीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांस अथवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांस कळविले, तर त्यास तो दोष लागत नाही. आपल्या हक्काचा दाखला अडवून ठेवला म्हणून रडकुंडीस येऊन पैसे देणारा बाप, आणि दुसऱ्याची जागा आपल्या मुलास मिळावी म्हणून पैसे देणारा बाप, हे दोघे आम्हांस एका तराजूत घालवत नाहीत. तथापि दोघांच्याही शेजारी बहुधा मूल उभे असते, आणि ते पाहत असते.

देण्याजोगे असूनही ज्याने दिले नाही, अशा एका माणसाचा वृत्तांत प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात आहे. पौलास यरुशलेमेत पकडून कैसरियास फेलिक्स सुभेदारापुढे आणिले. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने आरंभी सुभेदाराची पोटभर स्तुती केली. पौलाने आपल्या जबाबात सहज सांगितले की, मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. हे शब्द फेलिक्साच्या कानी बरोबर पडले असावे, असे आम्हांस वाटते. निकाल त्याने लांबणीवर टाकिला, पौलास पहाऱ्यात ठेविले, पण त्याच्या मित्रांस भेटण्याची मोकळीक दिली. इतकी सवलत का? लूक पुढे स्पष्टच लिहितो की, पौलाकडून पैसे मिळतील अशी त्यास आशा होती, आणि म्हणून तो त्यास वारंवार बोलावून बोलत बसे. रोमी कायद्यास हे मान्य नव्हते. यूलियस कैसराने इसवी सनापूर्वी ५९ साली अधिकाऱ्यांच्या लाचखाऊपणाविरुद्ध कडक कायदा केला होता. पण कायदा रोमेत, आणि फेलिक्स कैसरियात.

एके दिवशी फेलिक्स आपली पत्नी द्रुसिल्ला हिच्यासह बसला असता पौल त्यांजपुढे नीतिमत्त्व, संयम व पुढे होणारा न्याय ह्यांविषयी बोलू लागला. कैदी बोलतो न्यायाविषयी, आणि न्यायाधीशाचा डोळा कैद्याच्या कनवटीवर! फेलिक्स घाबरला, आता जा, सवड झाली म्हणजे बोलावीन असे म्हणाला. पैशासाठी मात्र त्यास सवड होतीच.

असे दोन वर्षे चालले. कैसरियात फिलिप्प सुवार्तिक राहत होता, इतर बंधुजन येत-जात होते. ठरविले असते तर वर्गणी जमली असती. दोन वर्षांच्या मोकळिकीत पौलाने किती गावी सुवार्ता सांगितली असती, असा हिशेब करून पैसे देणे त्यास समर्थनीयही ठरविता आले असते. चांगल्या कामासाठी दिलेली लाच हीच चांगल्या माणसास अतिशय सोपी पडते. पण तो स्वस्थही बसणारा नव्हता. फिलिप्पैत त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे करून अधिकाऱ्यांस माफी मागावयास लाविले होते. यरुशलेमेत फटके मारण्याच्या आधी तेच सांगून शिपायांस थांबविले होते. कायद्याचा जो दरवाजा उघडा असेल तो त्याने दर वेळी ठोठावला. आज आपणांसही असे दरवाजे आहेत: महाराष्ट्रात ठरीव मुदतीत दाखला मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दिला आहे, आणि कोणी लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करिता येते. वेळ लागतो, चपला झिजतात, हे खरे. पौलास दोन वर्षे लागली.

फेलिक्साची बदली झाली, तेव्हा जाताजाता यहुद्यांची मर्जी राखावी म्हणून तो पौलास बंदीतच ठेवून गेला. योसेफस हा यहुदी इतिहासकार लिहितो की, कैसरियातील यहुद्यांनी रोमेपर्यंत जाऊन फेलिक्सावर फिर्याद केली, आणि बादशहाच्या दरबारी वजन असलेल्या पल्लास नावाच्या भावामुळे तो शिक्षेतून वाचला. त्याच्या जागी पोर्क्य फेस्त आला. त्याच्यापुढे उभा राहून पौलाने कैसराजवळ न्याय मागितला, आणि पुढे इतर कैद्यांबरोबर त्यास इटलीकडे जाणाऱ्या जहाजावर चढविण्यात आले. सुभेदाराच्या हाती त्याजकडून एक दिनारही पडला नव्हता.